'हास्ता लोस उएसोस' की 'सेरुलिया'?

मैत्रिणीला दहा वर्षांच्या मुलासोबत एकच मेक्सिकन लघुपट बघायचाय. दोन्ही स्टॉप-मोशन (बाहुल्या किंचित हलवत एकेक फोटो काढून केलेलं अ‍ॅनिमेशन), पाऊण तासाची बात नाही, पाव तासाच्या आतले.

रेने कास्तियोच्या 'हास्ता लोस उएसोस'मध्ये (२००१) नुकताच पुरलेला माणूस थेट सांगाड्यांच्या मैफलीत जाऊन पडतो. कात्रिना, म्हणजे मेक्सिकोत मृत्यूचं प्रतीक असलेली नटवी सांगाडा-बाई, 'ला योरोना' हे मेक्सिकन लोकगीत गाते (आवाज गायिका एउहेनिया लेओनचा, काय गायलीय!) आणि त्याची भीती ओसरत जाते. स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही. मृत्यूकडे बघण्याची मेक्सिकन परंपरा ठसठशीत, कुटुंब फारसं नाही.

सोफिया कारियोच्या 'सेरुलिया'त (२०१७) मुलगी बालपणीच्या घराचा निरोप घ्यायला येते, पण आजी-आजोबांच्या आठवणी तिला सोडत नाहीत. यातल्या बाहुल्या भीतीदायक दिसतात; पोर दचकेल. सबटायटल्स असलेली बरी.

मुलासोबत पहिला. आजोळचं घर नुकतंच विकलं असेल तर दुसरा, तोही एकटीने.