गाडी खरी, कागद खरे, चावी हातात. आणि गेले १,१२,०००

जाहिरात बघून जुनी मोटरसायकल घ्यायला गेलो आणि फसलो. आधी आकडे. टोकन ५,०००. मग ६०,०००. मग ४७,०००, हे बायकोच्या खात्यातून, कारण माझ्या यूपीआयची दिवसाची एक लाखाची मर्यादा आड आली. एकूण १,१२,०००. गाडी आलेली नाही.

"न बघता पैसे पाठवलेस का रे? मिलिटरीवाला होता का?" असं आतापर्यंत तिघांनी विचारून झालंय. नाही. तो प्रकार मला पाठ आहे. अचानक बदली झालेला जवान, कॅन्टीनचं कार्ड, आर्मीच्या ट्रकमधून गाडी दारात, फक्त गेटपासचे पैसे आधी भरा. असले दोन जण त्याच महिन्यात मी शिव्या घालून ब्लॉक केले होते. माझा घात त्यानेच झाला. आपल्याला कळतं, हा माज.

गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११. २०१६ला आली तेव्हापासून डोक्यात होती. तेव्हा मुलीची शाळा, मग फ्लॅटचे हप्ते. २०२३च्या शेवटी ४५० आली आणि ४११ बंद झाली. नवी जास्त ताकदीची आहे, मान्य. पण मला ती जुन्या वळणाचीच हवी होती. गोल दिवा, टाकीच्या दोन्ही बाजूंचे ते पाइप, पुढचं एकवीस इंची तारांचं चाक, आणि मीटरमध्ये होकायंत्र, ज्याचा वेल्ह्याला जाताना शष्प उपयोग नाही. चोवीस बीएचपी मला पुरे. रविवारी केळदपर्यंत डांबर, पुढे मढे घाटाकडे थोडी माती, दुपारी जेवायला घरी. चव्वेचाळिसाव्या वर्षी याहून जास्त मागत नव्हतो.

२०२१ची, हिरवी, बीएस सिक्स. बाकीच्या जाहिरातींत अशी गाडी दीड ते पावणेदोन लाखांना. ही १,१८,०००. हो, इथेच थांबायला हवं होतं. पण बोलणारा माणूस इतका सरळ! सातारी हेल, दर वाक्याला दादा. "दादा, मी बडोद्याला असतो, गाडी मेव्हण्याच्या दारात पडून आहे. कागद त्याच्याच नावावर, हप्ते मी फेडले. जाऊन बघा, चालवा, पटली तरच बोलू." बघा म्हणणारा चोर कसा असेल? घासाघीस करून ६,००० कमी करून घेतले आणि त्या रात्री स्वतःवर खूश होऊन झोपलो. सहा हजार!

एकच अट त्याने घातली. "मेव्हण्याजवळ किमतीचं काढू नका. बहिणीचे पैसे अडकलेत, त्याला वेगळा आकडा सांगितलाय. उगाच घरात वाजेल." कुणाच्या घरात असलं नसतं? मला अजिबात खटकलं नाही.

रविवारी गेलो. कृष्णाकाठचं गाव, नाव लिहीत नाही, कारण त्या घराची यात चूक नाही. अंगणात गाडी, मागे भिंतीला टेकवलेली लाल बादली, जाहिरातीच्या फोटोत होती तीच. बादली बघून मी निश्चिंत झालो, काय सांगू आता. मालक शाळेत शिक्षक. इंजिन गार असतानाच चालू करून बघितलं, टॅपेटचा आवाज नेहमीचा. हँडल वळवून चासी नंबरवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि सतरा अक्षरं आरसीशी एकेक करून मोठ्याने जुळवली. इंजिन नंबरही. आरसीवर एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेलं नव्हतं. नदीकडच्या कच्च्या रस्त्याने दोन किलोमीटर उभा राहून चालवली, खड्ड्यांत पुढचे शॉकअप एकदाही आपटले नाहीत. सांगायचा मुद्दा, तपासण्यात मी तसूभर कमी पडलो नाही. फक्त गाडी तपासली, व्यवहार नाही.

आता तो क्षण. गेले दीड महिने रोज रात्री मी त्या ओसरीवर जाऊन बसतो. चहा आला. सर बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "तुमचं त्यांच्याशी सगळं ठरलंय ना? म्हणजे रकमेचं..."

मी हात आडवा केला. "ते आमचं झालंय सर, तुम्ही नका काळजी करू."

त्यांनी मान डोलावली. वाक्य अर्धंच राहिलं. कारण त्यांनाही तेच पढवलेलं होतं! त्यांनी स्वतः गाडी १,६२,०००ला विकायला लावली होती. त्या हरामखोराने फोटो तिथूनच उचलले, आरसीचा फोटो मागून घेतला आणि त्यांना सांगितलं, "मी घेतो, बघायला माझा चुलतभाऊ येईल. त्याच्याकडून माझं येणं आहे, त्याच्यासमोर किमतीचं काढू नका. पसंत पडली की मीच तुमच्या खात्यात टाकतो." दोन अनोळखी माणसं एका ओसरीवर, दोघंही भिडेखातर गप्प, आणि तिसरा फोनवर. तेव्हा मी नुसतं "एक बाराला" म्हटलं असतं तरी खेळ तिथेच संपला असता. तीन शब्दही नाहीत हो!

पैसे टाकताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. विचारलं. "बायकोचं खातं, दादा." माझेही ४७,००० बायकोच्याच खात्यातून जात होते, मग शंका कशी घेणार? आरसीवर ज्याचं नाव, पैसे त्याच्याच खात्यात. दुसऱ्या कुणाचं नाव दिसलं की फोन खिशात घाला, कारण ऐकूच नका.

वीस मिनिटांनी सर म्हणाले, "तुमच्या भावाचे पैसे अजून आले नाहीत."

"माझा भाऊ? तुमचा मेव्हणा ना तो?"

नंबर बंद. सरांच्या वडिलांनी काही न बोलता माझ्या हातातून चावी काढून घेतली. अर्धा तास ते मला चोर समजत होते आणि मी त्यांना. खरं सांगू, पैशांपेक्षा तो अर्धा तास जास्त झोंबतो.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच फिरवा म्हणतात. फिरवला. चाळीस मिनिटांनी लागला. तक्रार नंबर मिळाला, आणि खात्यात रोखून धरता आले फक्त ३,१४०. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांत आणि तिथून एटीएमला. तुम्ही मात्र फिरवत राहा, आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी नंबर, समोर लिहून ठेवा, मी तो शोधण्यात दहा मिनिटं घालवली.

मग सुरू झाली वरात. गावाकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे पुण्याच्या खात्यातून गेले, पुण्याला जा. पुण्यात म्हणाले, गाडी समोर बघितलीत, माणसं भेटलीत, मग हे सायबर कसं? साधी फसवणूक आहे, जिथे घडली तिथे जा. सायबरवाल्यांचं म्हणणं, आधी ठाण्यातून पत्र आणा. पत्र देणारे साहेब बंदोबस्ताला. एकाने तर ऐकवलं, "स्वतःच्या हाताने दिलेत ना? मग दिवाणी दावा लावा." चारशेवीसचं कलम जाऊन न्याय संहितेत तीनशे अठरा झालं, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असंही नव्या कायद्यात आहे. हे मी बोललो तेव्हा समोरचा म्हणाला, "मोबाइलवर वाचून आलात वाटतं." हो, वाचून आलो! तुम्ही वाचलं असतंत तर मला वाचायची वेळ आली नसती. पाचव्या फेरीला, एकोणीस दिवसांनी, एफआयआर झाला. त्यात गाडीचं मॉडेल चुकलेलं, गावाचं नाव चुकलेलं आणि रक्कम १,२१,०००. दुरुस्तीसाठी आणखी दोन फेऱ्या. एवढ्या वेळात चोर सेवानिवृत्त होऊन पेन्शन घेईल.

बँकेचं तर बोलूच नका. "पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे." पिन मीच टाकला, मान्य. पण ज्या खात्यात दोन तासांत पैसे आले आणि गेले, ते खातं कुणाच्या आधारवर, कुणाला बघून उघडलं, हे मी विचारू नये? ती बाई म्हणे कुठे तरी मजुरी करते, खातं भाड्याने दिलेलं. हेही मला बँकेने नाही, एका हवालदाराने चहा पिताना सांगितलं. तो एकटाच माणसासारखा बोलला.

गाडी विकत असाल तर तुम्हीही ऐका. आरसीचा पूर्ण फोटो कुणाला पाठवू नका. बघायला आलेल्याला किंमत त्याच्या तोंडावर सांगा, कुणी नको म्हटलं असेल तर दोनदा सांगा. आणि घेणाऱ्याने मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३०वर मालकाची सही समोर झाल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया सोडू नये. सरकारी ॲपवर मालकाचं नाव अर्धं फुल्यांनी झाकलेलं येतं, त्यावर विसंबू नका.

परवा मुलीने जाहिरात दाखवली. हिरवी हिमालयन, मागे लाल बादली. नंबर नवा, आकडा १,०९,०००. लगेच रिपोर्ट केलं, सरांना कळवलं, ठाण्यात जाऊन छापील प्रत दिली. आज सकाळी जाहिरात तिथेच होती.