‘बेटर कॉल सॉल’ : शेवटचा भाग आणि जिमी मॅकगिलचा कबुलीजबाब

व्हिन्स गिलिगन आणि पीटर गोल्ड यांची ‘बेटर कॉल सॉल’ ही अमेरिकी मालिका २०१५ साली सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी, सहाव्या पर्वाअखेरीस, ६३व्या भागाने तिचा समारोप झाला. या शेवटच्या भागाचे लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही गोल्ड यांचे आहे. पुढील मजकुरात कथानक उघड होणार असल्यामुळे ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांनी ती आधी पाहावी हे बरे.

ही मालिका ‘ब्रेकिंग बॅड’ या आधीच्या मालिकेची पूर्वकथा आहे, त्यामुळे ती पाहिलेल्या प्रेक्षकाला सॉल गुडमन (मूळ नाव जिमी मॅकगिल) या वकिलाचे पुढे काय होते, याची बरीचशी कल्पना आधीच होती. तो जिवंत राहतो, अल्बुकर्कीहून परागंदा होतो आणि नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात जीन या नावाने सिनाबॉनच्या दुकानात व्यवस्थापक म्हणून दिवस काढतो, हे ठाऊक असताना मरणार कोण आणि वाचणार कोण ही उत्सुकता फारशी उरत नाही. त्यामुळे मालिकेला वेगळ्याच प्रश्नावर उभे राहावे लागले : पकडला गेल्यावर हा माणूस कोण म्हणून उभा राहील? शेवटच्या भागाचे मूल्यमापन मला याच प्रश्नाच्या आधारे करावेसे वाटते.

भागाचा पूर्वार्ध मुद्दाम हलकाफुलका ठेवला आहे. कचरापेटीत लपलेल्या जीनला पोलीस बाहेर काढतात आणि कोठडीत तो आधी हताश होऊन डोके धरतो. पण दारावर कोणा कैद्याने आपल्या वकिलाविषयी कोरलेली शिवराळ बढाई दिसताच त्याला हसू फुटते आणि तेवढ्या एका हसण्यात जुना सॉल परत येतो. त्यानंतर कधीही खटला न हरलेल्या सरकारी वकिलासमोर तो आपली करुण कहाणी अशा काही बेमालूमपणे मांडतो की जन्मठेपेच्या वरच्या शिक्षेवरून सौदा सात वर्षांच्या घरात येऊन ठेपतो. बारा ज्युरींपैकी एकाला जरी ही कहाणी पटली तरी आपले काम झाले, हे तो त्या वकिलाला तोंडावर सांगतो. वर दर शुक्रवारी पुदिना-चॉकलेटचे आइस्क्रीम मिळावे, अशीही मागणी करतो. समोर ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये मारल्या गेलेल्या अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याची विधवा मारी श्रेडर बसलेली असताना हे सारे चालते आणि आपण हसतो. या हसण्याची लाज प्रेक्षकाला वाटावी, असा पटकथेचा हेतू असावा आणि तो साधला आहे.

खरा भाग मात्र न्यायालयातला आहे. जिमीची घटस्फोटित पत्नी किम हिने हॉवर्ड या वकिलाच्या मृत्यूशी जोडलेला आपला गुन्हा आपणहून लेखी कबूल केल्याचे कळल्यावर, तिच्याविरुद्ध माहिती असल्याची खोटी बतावणी करून तो तिला न्यायालयात हजर राहायला भाग पाडतो, आणि ती येताच हातात आलेला सौदा स्वतःच मोडीत काढतो. ‘ब्रेकिंग बॅड’चा नायक वॉल्टर व्हाइट याच्या अमली पदार्थांच्या धंद्यात आपण भीतीपोटी नव्हे तर राजीखुशीने सामील होतो, आपल्याशिवाय तो महिनाभरात तुरुंगात गेला असता, असे तो न्यायाधीशांपुढे सांगतो. एवढ्यावर थांबला असता तरी कायद्याच्या दृष्टीने कबुली पूर्ण होती. पण तो पुढे थोरला भाऊ चक याच्याविषयी बोलतो : आपल्याला त्याला समजून घेता आले असते, त्याऐवजी त्याचा व्यावसायिक विमा रद्द करविला, वकिली हाच त्याच्या जगण्याचा आधार होता, आणि त्याने आत्महत्या केली. बिल ओकली हा त्याचा सहकारी वकील नंतर कुजबुजतो की तो तर गुन्हाही नव्हता. जिमीचे उत्तर एवढेच की होता.

या उत्तराचे वजन कळण्यासाठी तिसऱ्या पर्वातील सातवा भाग आठवावा लागतो. विम्याच्या हप्त्याचे पैसे परत मागायला गेलेला जिमी तिथल्या बाईसमोर हुंदके देऊ लागतो आणि भावाच्या मानसिक अवस्थेची माहिती ‘चुकून’ निसटल्याचा आव आणतो. पाठ फिरवून बाहेर पडताना त्याचा चेहरा कसा कोरडा होतो, हे कॅमेरा नेमके टिपतो. शेवटच्या भागात तोच माणूस, तेच वक्तृत्व आणि तोच भाऊ आहे, फक्त या वेळी सांगितलेले खरे आहे आणि त्याची किंमत ८६ वर्षांचा तुरुंगवास आहे. व्यक्तिरेखेचा विकास म्हणजे स्वभाव पालटणे, अशी आपल्याकडील दैनंदिन मालिकांची समजूत दिसते (शेवटच्या आठवड्यात खलनायिका हात जोडते आणि सारे घर तिला माफ करते). इथे स्वभाव तसाच राहतो. किमला न्यायालयात आणण्यासाठीही जिमी थापच मारतो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०१९ मधील अखेरच्या पर्वाविषयी जो संताप उसळला, त्याचे मूळ माझ्या मते इथेच होते. त्यातील राणी डेनेरिसने शहर जाळणे अशक्य नव्हते, पण सहा भागांत तिथवर पोहोचण्याच्या पायऱ्या गाळल्या गेल्या. गोल्ड यांनी पायऱ्या आधीच बांधून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांना घाई करावी लागली नाही.

निदान फारशी नाही. कारण लगतच्या आधीच्या भागात हाच जीन आपली खरी ओळख पटलेल्या म्हाताऱ्या मॅरियनसमोर टेलिफोनची वायर दोन्ही हातांत ताणून उभा असतो, आणि त्या क्षणापासून कबुलीपर्यंतचा प्रवास एकाच भागात उरकला आहे. किमची बातमी हे त्याचे कारण म्हणून पुरेसे आहे, तरी ती बातमी ऐकून विमानात त्याच्या मनात जे घडले, ते बव्हंशी आपल्यालाच कल्पावे लागते. टाइम मशीन मिळाले तर कुठे जाशील, हा प्रश्न विचारणाऱ्या पूर्वस्मृतींपैकी माइक या जुन्या साथीदाराबरोबरचा वाळवंटातला प्रसंग उत्तम आहे. वॉल्टरबरोबरचा मात्र जुन्या चाहत्यांना दिलेला नजराणा वाटतो आणि त्यातला टोमणा जरा जास्तच नेमका लागतो.

किमच्या भूमिकेत रिया सीहॉर्न यांनी शेवटच्या भागात फार थोडे बोलून बरेच साधले आहे. फ्लोरिडातील मोफत विधी साहाय्य कार्यालयात फाइली लावायला ती आपणहून जाते, यापलीकडे तिच्या पुढच्या आयुष्याविषयी काही सांगितलेले नाही. हॉवर्डच्या पत्नीने दावा केला तर तिचे काय होईल, हेही अधांतरी ठेवले आहे. मला ते योग्य वाटले. इथे सगळ्या गाठी सोडवल्या असत्या तर तिच्या कबुलीतली जोखीमच नाहीशी झाली असती. या मालिकेला एकूण ५३ एमी नामांकने मिळूनही एकही पुरस्कार मिळाला नाही, हे सीहॉर्न आणि बॉब ओडेनकर्क यांचे हे काम पाहताना पटत नाही.

पाहणाऱ्याने क्रम मात्र सांभाळावा. ‘ब्रेकिंग बॅड’ आधी पाहावी, नाहीतर ओमाहाचे कृष्णधवल प्रसंग कोड्यासारखे वाटतील, आणि पर्वांमध्ये मोठे अंतर पडले असेल तर शेवटच्या भागाला बसण्यापूर्वी विमा कार्यालयाचा तो प्रसंग पुन्हा एकदा पाहून घ्यावा.