कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा की नवा बसवावा?

दुचाकी मिसिंग करू लागली, स्लोला (मूठ सोडल्यावरच्या किमान रेसला) टिकेना झाली, चोक ओढल्याशिवाय चालेना, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोल, साफ कर, किट (दुरुस्तीच्या सुट्या भागांचा संच) टाक. दुसरा म्हणतो, कशाला डोकेफोड, नवाच बसव आणि मोकळा हो. माझा कल आधीच सांगून टाकतो: मूळ कार्ब्युरेटर झिजलेला नसेल तर तो सोडू नये. मळलेला आणि झिजलेला यांतला फरक ओळखता आला, की निर्णय जवळजवळ आपोआप होतो. (इंजेक्शनच्या गाड्यांना यातलं फारसं काही लागू नाही.)

त्याआधी दोष कार्ब्युरेटरचाच आहे ना, एवढं पाहून घ्या. प्लग आणि एअर फिल्टर तर कोणीही बघतो. राहून जातात ते टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. टॅपेट वाजले की सगळे तक्रार करतात, पण गच्च टॅपेट वाजत नाहीत. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि गाडी गरम झाल्यावर स्लोला बंद पडते. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) तपासायचा. दुसरा चोर म्हणजे कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला इनलेट पाइप. रबराला चीर गेली किंवा ओ-रिंग चपटी झाली, की तिथून जादा हवा ओढली जाते. इंजिन स्लोला ठेवून त्या जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, तापलेल्या सायलेन्सरपासून लांब. रेस वरखाली झाली तर गळती तिथेच आहे. मग किट आणि नवा कार्ब्युरेटर, दोन्हीचे पैसे वाया.

आता मुख्य परीक्षा. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर चिकटपट्टीच्या खुणा करा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. गाडी चालवून बघा की त्रास नेमका कुठल्या खुणेवर होतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. पहिल्या पाव भागात पायलट जेटचं राज्य असतं, पावपासून पाऊणपर्यंत नीडल (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी निमुळती सुई) आणि नीडल जेट, त्यापुढे मेन जेट. सीमा काटेकोर नसतात, पण अंदाज बांधायला पुरतात.

त्रास फक्त स्लोला आणि पाव थ्रॉटलपर्यंत असेल, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिलेली असेल, तर बहुतेक मळच आहे. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. सगळ्यात बारीक भोक पायलट जेटचं, म्हणून ते आधी बुजतं. जेट काढून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कडेला जराशी पिवळी झालर दिसली तरी ते अर्धं बुजलेलं आहे. इथे नवा कार्ब्युरेटर घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

साफसफाईत काही गोष्टी चुकतात त्या चुकतातच. पितळी जेटमध्ये तार घालतात, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. रबरी डायफ्रॅम आणि ओ-रिंगा न काढता क्लीनर मारतात, त्या फुगतात. मिक्श्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन फेरे मोजून ठेवत नाहीत. आणि नुसते जेट धुतात. बॉडीच्या आतल्या वाटांत फवारा मारल्यावर तो दुसऱ्या टोकाने बाहेर आलाच पाहिजे. अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिकंपनांनी धुणाऱ्या मशीनमध्ये) टाकून घेतला तर या वाटा छान सुटतात, मात्र झीज त्याने भरून येत नाही.

किटबद्दल एक सूचना. साध्या किटमधलं रबर, पॅकिंग आणि फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) वापरा. जेट मात्र जुने मूळचेच परत लावा, भोक शाबूत असेल तर. स्वस्त किटमधल्या जेटवरचा आकडा आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ असेलच असं नाही.

मधल्या थ्रॉटलला गाडी जड वाटते, ॲव्हरेज घसरलाय, प्लग काळा काजळीचा येतो आणि एअर फिल्टर स्वच्छ आहे, अशा वेळी नीडल आणि नीडल जेट घासलेले असू शकतात. नीडल वर्षानुवर्षं खालीवर होऊन नीडल जेटचं भोक लांबट करते. धुऊन हे जात नाही, पण एवढ्यासाठी अख्खा कार्ब्युरेटरही लागत नाही. दोन्ही भाग जोडीनेच बदला.

नवा घ्यायची वेळ कधी? स्लाइड (वरखाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग) बॉडीत घालून बोटाने हलवून बघा. खडखडत असेल आणि आत इंजिनच्या बाजूला घासून चकाकलेला पट्टा दिसत असेल, तर तिथून हवा शिरते आणि स्लो कधीच एका जागी राहणार नाही. बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या फिरत्या चकतीच्या) शाफ्टला खेळ असेल तर तेच. बॉडीला तडा, आटे गेलेले, बुरशीसारखा पांढरा गंज धरून वाटा खाल्लेल्या: इथेही किटवर पैसे घालू नका.

पण नव्यातही दोन जाती आहेत. त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेला असेल तर तो जवळपास तयार जेटिंगचा (त्या गाडीला जुळणाऱ्या जेटांचा) येतो. हुबेहूब दिसणारी नक्कल स्वस्त असते, पण तिच्यात कुठले जेट आहेत हे खोलल्याशिवाय कळत नाही. जुने जेट त्यात टाकून भागेलच असं नाही, कारण केहिन आणि मिकुनी या कार्ब्युरेटर कंपन्यांची नंबर देण्याची पद्धतच वेगळी आहे, एकाचा 100 दुसऱ्याचा 100 नव्हे. ज्याला जेटिंगची हौस नाही, त्याने नकलेच्या वाटेला जाऊ नये. दोन-चार सिलिंडरच्या गाडीत तर एकच कार्ब्युरेटर बदलला तरी सगळे व्हॅक्यूम गेजवर सिंक करावे (एकमेकांशी जुळवावे) लागतात. तिथे मूळ संच सांभाळणंच परवडतं.

काहीही निवडलंत तरी सेटिंग गरम इंजिनवरच करा. मिक्श्चर स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. रेस सगळ्यात जास्त चढते तिथे स्क्रू थांबवा, मग आयडल स्क्रूने (स्लोची रेस ठरवणाऱ्या) रेस खाली आणा. आणि बसवण्याआधी पेट्रोल पाइप काढून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाला पाण्याचे गोल थेंब किंवा तांबूस गाळ बसला, तर आधी टाकी धुऊन पाइपमध्ये फिल्टर टाका.