बेल्टनं चालवलेली पोर

माझी मुलगी तीन वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर झालेला परिणाम; दोन्ही पाय ताठ. सांगलीतल्या एका थेरपी केंद्रानं बेदाणा विकून आलेल्या पट्टीतले साठ हजार आमच्याकडून आगाऊ घेतले, 'सहा महिन्यांत चालेल' या बोलीवर. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पद्धत तेवढी सांगते.

आधी मोबाईलवर व्हिडिओ. रांगणारा मुलगा, पुढं तोच चालतोय. व्हिडिओ खराच होता! मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी नंतर तो बघून सांगितलं की या बाळाची एकच बाजू अधू आहे, अशी बहुतेक मुलं उशिरा का होईना चालतातच. अशी मुलं स्वतः कितपत हालचाल करू शकतात याची जीएमएफसीएस म्हणून पाच पातळ्यांची वर्गवारी 1997 पासून आहे, पहिली सगळ्यात सौम्य. तो मुलगा पहिल्या पातळीचा दिसतो, माझी चौथ्या. दुसऱ्याच्या पोराचं चालणं दाखवून आम्हाला गॅरंटी विकली.

मग घाई. "ताई, पाच वर्षांनंतर काही होत नाही, पॅकेज आजच घ्या." लवकर सुरुवात करावी हे खरंच, पण तिथं खुब्याचा एक्स-रेसुद्धा कुणी मागितला नाही. चौथ्या-पाचव्या पातळीच्या मुलांचा खुबा हळूहळू निसटू शकतो, तो ठरावीक काळानं बघावा लागतो. ती घरी बसते कशी, जेवते कशी, हेही विचारलं नाही.

आणि ते मशीन. छातीला बेल्ट बांधून वरून टांगायचं, खाली पट्टा फिरतो. पावलं पडतात, शूटिंग होतं, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. असं मशीन खऱ्या उपचारातही वापरतात. पण वजन सगळं बेल्टवर, आणि घरी काय करून घ्यायचं ते एकदाही शिकवलं नाही. मिरजेत पहिल्याच दिवशी शिकवलं: खुर्चीत नीट बसवणं, उभं राहायला आधार कुठं द्यायचा, पलंगावरून खुर्चीत तिचं तिला कसं सरकू द्यायचं. चालेल असं मॅडम म्हणाल्या नाहीत. वॉकर आणि व्हीलचेअर, दोन्हींची तयारी ठेवा म्हणाल्या.

व्यायाम घेणाऱ्या पोराचा नोंदणी क्रमांक मागितला तर "सर मुंबईला असतात." फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडं असते, ती विचाराच. सेरेब्रल पाल्सीसारख्या अपंगत्वासाठी सरकारचा निरामय आरोग्य विमा आहे, त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. तेही तिथं कुणी बोललं नाही.

पैसे मागायला गेलो तर पावतीवर 'देणगी, परत मिळणार नाही'. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पॅकेजचे दर त्यांनीच व्हॉट्सॲपवर पाठवले होते, आमचा सगळा भरवसा त्या मेसेजवर. तुमचे मेसेज डिलीट करू नका.