दांडीचं टूर्निकेट की रबरी पट्टी?
जखमेवर हात दाबून धरणं हा पहिला उपाय, त्याबद्दल वाद नाही. तेवढ्याने हातापायाचा रक्तस्राव आटोक्यात येईना, तर प्रथमोपचाराच्या पिशवीत काय असावं: दांडीचं टूर्निकेट, म्हणजे हातपाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा, की ताणून गुंडाळायची रबरी पट्टी? मी दोन्ही घेऊन पाहिली.

माणसासाठी दांडीचं टूर्निकेट उत्तमच. पट्टा चढवा, दांडी पिळा, खाचेत अडकवा. एका हाताने स्वतःलाही बांधता येतं. एकट्याने करवत चालवणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

पण आमच्याकडे माणसांपेक्षा कुत्रीच जास्त धडपडते. सराव म्हणून तिच्या मागच्या पायावर पट्टा हलकेच आवळून पाहिला. कुत्र्याची मांडी वर जाड, खाली निमुळती. दुसरा पीळ पडेपर्यंत पट्टा खाली घसरला. पुन्हा चढवला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी तिनेच कंटाळून पाय काढून घेतला. घसरून सैल झालेला पट्टा नुसता निरुपयोगी नसतो. त्याने शीर दबते पण धमनी चालू राहते, म्हणजे रक्ताची परतीची वाट बंद होते आणि जखम उलट जास्त वाहते.

जनावराच्या बाबतीत चुकायला जागाही कमी. 70 किलोच्या माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं, 20 किलोच्या कुत्र्यात पावणेदोन लिटर, 4 किलोच्या मांजरात जेमतेम पाव लिटर. त्यातलं 40 टक्के गेलं की जीव टांगणीला. मांजराच्या हिशेबात हे 100 मिली. शिवाय शरीर फसवतं. हृदय धावतं, रक्तवाहिन्या आकसतात, कुत्र्याची प्लीहा साठवलेल्या रक्तपेशी बाहेर सोडते. हिरड्या पांढऱ्या पडेपर्यंत बरंच वाहून गेलेलं असतं.

रुंद रबरी पट्टी ताणून एकावर एक वेढे घेतले की निमुळत्या पायावरही ती जागची हलत नाही. नंतर एकदा कुत्रीला काचेने पंजाच्या वर कापलं, तेव्हा जखमेवर गॉज (जाळीदार सुती कापड) ठेवून तीच पट्टी कमी ताणून गुंडाळली. दवाखाना येईपर्यंत वेढा जसाच्या तसा होता. पूर्ण आवळायची वेळ आली नाही, त्यामुळे ती परीक्षा बाकीच आहे म्हणा. पट्टी बांधायला दोन हात लागतात, ओल्या बोटांतून ती निसटते आणि रबर कालांतराने चिरतं, हेही खरं.

मान, जांघ, पोट इथे दोन्ही निकामी. मान आणि जांघ असेल तर जखमेत गॉज कोंबून दाबायचं, पोट असेल तर दवाखाना गाठायचा. हातापायाला काहीही आवळलंत तरी वेळ लिहून ठेवा; दोन तासांपुढे स्नायू आणि मज्जातंतूंचं नुकसान वाढत जातं.

माझ्या पिशवीत आता वर रबरी पट्टी असते. दांडीचं टूर्निकेट करवतीच्या पेटीत गेलंय.