२५ काढून २० लावलं : फोर-स्ट्रोक आऊटबोर्डचे १४० तास

होडीच्या मागे अडकवायच्या इंजिनाच्या, म्हणजे आऊटबोर्डच्या, मीटरवर परवा १४० तासांचा आकडा दिसला, तेव्हा म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिले दहा तास कुठलंही नवं मशीन गोडच वागतं. दीड मोसम खाऱ्या पाण्यात काढल्यावर खरे गुण कळतात.

होडी माझी १४ फुटी, फायबरची, हाताने दांडा धरून चालवायची. बहुतेक वेळा मी आणि मेहुणा, सोबत मासळीची बर्फाची पेटी आणि २५ लिटरची टाकी. मागे २५ हॉर्सपॉवरचं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक होतं. ते काढून २० हॉर्सपॉवरचं इंजेक्शनवालं फोर-स्ट्रोक लावलं. पाच हॉर्सपॉवर कमी का घेतले, हे मला इतक्यांनी विचारलंय की निम्मा रिव्ह्यू त्याच उत्तरात जाणार आहे.

मेहुण्याचा सुरुवातीपासून विरोध. “दाजी, होडीच्या पाटीवर ३० पर्यंत चालेल असं लिहिलंय. लोक पंचवीसवरून तीसवर जातात, तुम्ही विसावर काय उतरताय?” मी त्याच्या हातात वही दिली.

जुनं मशीन काढण्याआधी एक पूर्ण मोसम मी ती वही ठेवली होती. प्लगच्या वायरला गुंडाळायचा एक छोटा मीटर मिळतो, तो इंजिन चाललेले तास आणि मिनिटाला होणारे फेरे दोन्ही दाखवतो. घड्याळ बघून दर फेरीला लिहायचो : किती वेळ हळू, किती वेळ मध्यम, किती वेळ पूर्ण सोडून. मोसमाअखेर बेरीज ९२ तास. त्यातले ६१ तास गळ ओढत, १५०० फेऱ्यांच्या आत. २२ तास मधल्या वेगात. पूर्ण ताकदीवर फक्त ९ तास, आणि त्यातलेही तीनेक तास पाऊस मागे लागला म्हणून. एवढ्या ९ तासांसाठी मी बाकीचे ८३ तास धूर खात होतो.

कारण टू-स्ट्रोकला हळू चालणं मानवत नाही. पेट्रोलात तेल १:५० मिसळलेलं, म्हणजे एका टाकीला अर्धा लिटर. मंद चालताना ते नीट जळत नाही, प्लग काळे पडतात आणि वारा मागून असला की सगळा निळा धूर नाकात. दुपारी परत निघताना प्लग काढून ब्रशने घासणं हा आमचा नेमच झाला होता. पेट्रोलही तसंच जायचं : गळ ओढताना तासाला दोन लिटरच्या आसपास, पूर्ण सोडल्यावर अकरा-बारा. नव्याचं गळ ओढताना एक लिटरही होत नाही आणि पूर्ण सोडल्यावर साडेसहा-सात. टाकी तीच, पण आता संध्याकाळी ती हलवून किती उरलं याचा आवाज ऐकावा लागत नाही. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक, हा जुना हिशेब आता खरोखर पाळता येतो.

मग २५ चंच फोर-स्ट्रोक का नाही? वजन. जुनं टू-स्ट्रोक ५० किलोचं होतं, हे २० चं ५१ किलो. मी पाहिलेली २५ ची फोर-स्ट्रोकं साठीच्या आसपास होती. १४ फुटी होडीत मागच्या फळीवरचे दहा किलो म्हणजे थट्टा नाही, कारण चालवणारा माणूस, टाकी आणि पेटी सगळी मागेच असतात. होडी बूड टेकून बसते आणि पुढचं तोंड आभाळाकडे. (वजनाबद्दल रडताना मी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या आऊटबोर्डवाल्या ओले एव्हिनरूडची आठवण ठेवतो. १९०९ साली त्याने विकायला काढलेलं यंत्र दीड हॉर्सपॉवरचं आणि २८ किलोचं होतं, म्हणजे एका हॉर्सपॉवरला जवळपास १९ किलो. माझ्याकडे ते प्रमाण अडीच किलोवर आलंय.)

वेगाचा फरक सांगून टाकतो. आधी आम्ही दोघं असताना २० नॉट मिळायचे, आता साडेसतरा. होडी पाण्यावर उचलायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. तीन माणसं आणि भरलेली पेटी असली तर उचलताना तिसऱ्याला पुढे सरकून बसायला सांगावं लागतं. ज्यांना रोज तिघं-चौघं न्यायचे आहेत त्यांनी २० घेऊ नये.

वहीतून आणखी एक गोष्ट कळली, ती मशीन न बदलताही उपयोगी पडली असती. एवढ्या लांबीची होडी पाच नॉटपर्यंत पाणी कापत आरामात जाते. त्यापुढे ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, आणि साधारण बाराच्या आसपास उचलून पाण्यावर आली की पुन्हा हलकी होते. मधल्या सात-आठ नॉटला पेट्रोल सगळ्यात वाया जातं. माझे ते २२ मधले तास बहुतेक याच चढावर गेले होते, “जरा सावकाश, पेट्रोल वाचेल” या समजुतीने. आता पाचच्या खाली नाहीतर बाराच्या वर.

बसवण्याची गोष्ट मात्र कडू आहे. ज्या दुकानातून घेतलं त्यांनी मशीन अडकवलं, दोन्ही क्लॅम्पचे स्क्रू हाताने आवळले आणि ‘झालं काम’ म्हणून निघाले. ५१ किलोचं थरथरणारं यंत्र नुसत्या क्लॅम्पवर! फळीतून आरपार बोल्ट मी दुसऱ्या दिवशी स्वतः घातले, भोकांत सीलंट भरून.

तरी पहिल्या फेरीत मागून पाण्याचा फवारा अंगावर येत होता आणि दांडा जड लागत होता. होडी ओढून वर घेतली, बुडाला एक सरळ पट्टी लावली आणि मागे डोळा नेऊन पाहिलं. पंख्याच्या वरची ती आडवी पत्री बुडाच्या रेषेपासून पुरती दोन इंच खाली होती. ती रेषेत किंवा जास्तीत जास्त इंचभर खाली असायला हवी. माझी मागची फळी पंधरा इंची शाफ्टच्या (पाण्यात उतरणाऱ्या पायाच्या) मशीनसाठी थोडी ठेंगणी निघाली, आणि बसवणाऱ्याने खाली वाकून बघितलंच नव्हतं. क्लॅम्पच्या खाली फळीवर इंचभर जाडीची सागाची पट्टी ठेवली, आदल्या दिवशीचे बोल्ट काढून नव्याने भोकं पाडली. फवारा गेला. जुनी भोकं बुजवताना मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पंखाही चुकीचा दिला होता, ११ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जितका पुढे सरकतो ते अंतर). पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० फेरे सांगितलेत. एकटा असताना ५३०० यायचे, म्हणून आधी कळलंच नाही. दोघं आणि पेटी भरली की ४८०० वर अडकायचं. वरून सगळं ठीक वाटतं, पण मशीन उंच गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं दमत असतं. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, म्हणून ९ चा आणला. भरलेल्या होडीला आता ५२०० मिळतात. म्हणून सांगतो, मशीन घेताना फेऱ्यांचा मीटर लावून, नेहमीचं वजन भरून चाचणी घ्या आणि पंखा बदलून देण्याचं आधीच कबूल करून घ्या.

आता खुद्द मशीन. बॅटरी नाही, दोरी ओढून सुरू होतं. गारठ्यातही दुसऱ्या ओढीला. चोक नाही. नवं इंजिन रुळवायचे १० तास पुस्तकाप्रमाणे काढले, २० तासांना पहिलं तेल, नंतर दर १०० तासांना किंवा वर्षाला. गिअरचं तेल १०० ला काढलं तेव्हा स्वच्छ होतं. ते दुधाळ दिसलं असतं तर सीलमधून पाणी शिरतंय असं समजायचं. मशीनऐवजी स्वतः गंजायला लावलेला जस्ताचा तुकडा निम्मा झिजलाय, म्हणजे त्याचं काम तो करतोय. दर फेरीनंतर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवतो.

एका गोष्टीने मात्र घाम फोडला. ४० तासांच्या सुमारास तेलाची काडी पुसून बुडवली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. तेल कमी झालेलं पाहिलं होतं, वाढलेलं कधी नाही. काडी नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास, बोटावर तेल पाण्यासारखं पातळ. तासन्‌तास मंद चालवल्याने इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या कडेने खाली तेलात उतरतं. थोडक्यात, ज्या सवयीसाठी मी फोर-स्ट्रोक घेतलं, तीच सवय त्याच्याही पोटात जाते, फक्त धूर न काढता. तेल बदललं, आणि तेव्हापासून गळ गुंडाळले की परतताना पंधरा मिनिटं ४००० च्या वर चालवतो. काडी पुन्हा वर चढलेली नाही. पण ती दर फेरीला बघतो. टू-स्ट्रोकवाल्यांना ही काडी बघायची सवय नसते, त्यांनी विशेष लक्ष द्यावं.

किरकोळ तक्रारी : उचलून ठेवायची खिट्टी ओल्या हाताने सापडत नाही, उतरवून ठेवायचं तर ठरलेल्या एकाच कुशीवर निजवावं लागतं नाहीतर तेल नको तिथे जातं, आणि किल-स्विचची (चालवणारा पडला तर मशीन बंद करणारी) दोरी आखूड आहे. तरी ती मी मनगटाला लावतोच.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो बसवणाऱ्यांचा, मशीनचा नाही.

मेहुण्याचं मत? तो अजून वेगाबद्दल कुरकुरतो. पण मंद चालताना हे इतकं शांत असतं की त्याने दोनदा चालू मशीनचीच दोरी ओढली. आता तो आधी मागे वाकून, चालू इंजिन थंड करून बाहेर येणारी पाण्याची धार पडतेय का ते बघतो.