ओपन-मिटिओ: तापमानाला पैकीच्या पैकी, घाटातल्या पावसाला नाही

स्ट्रॉबेरीच्या आवकेचा अंदाज बांधायचा तर मागच्या हंगामांचं रोजचं तापमान हवं, तेही गावागणिक. त्यासाठी आमच्या पाइपलाइनमध्ये (डेटा आपोआप गोळा करणाऱ्या यंत्रणेत) मी ओपन-मिटिओ या हवामान-डेटा सेवेची जुन्या हवामानाची एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट डेटा मागवायची सोय, बसवली आहे. अक्षांश-रेखांश आणि दोन तारखा दिल्या की 1940 पासूनचे तासातासाचे आकडे हातात! स्वल्पविराम देऊन एकाच कॉलमध्ये, म्हणजे एकाच मागणीत, अनेक गावं मागता येतात. बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, दिवसाला 10,000 कॉलपर्यंत. पण लांबलचक कालखंड मागितला की एकाच कॉलचे अनेक कॉल धरले जातात. धंद्यासाठी पैसे मोजावे लागतात, आम्ही मोजतो.

टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे ना, हे आधी बघा. जीएमटी (ग्रिनिचची वेळ) ठेवलात तर दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, म्हणजे ऐन गारठ्यात. मग एकाच पहाटेची थंडी दोन तारखांच्या किमान तापमानात जाऊन बसते आणि आमच्या आवकेच्या अंदाजाच्या मॉडेलला थंडीची लाट दुप्पट दिसते.

तापमानावर मी बिनधास्त विसंबते. मूळ डेटा ‘ईआरए5’चा, म्हणजे नोंदी आणि हवामानाचं मॉडेल जोडून मागचं हवामान पुन्हा उभं करणाऱ्या युरोपियन डेटासंचाचा. त्यात एका आकड्यामागची जमिनीची चौकट साधारण 25 किलोमीटरची, पण दिलेल्या ठिकाणची उंची बघून तापमान दुरुस्त केलं जातं. वाई आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत सहाशे मीटरहून जास्त फरक आहे, तो आकड्यांत नीट उतरतो. बरीच वर्षं एकमेकांशी ताडायची असतील तर मॉडेल ‘ईआरए5’ असं स्पष्ट लिहून टाका. मॉडेल आपोआप निवडणाऱ्या ‘बेस्ट मॅच’वर सोडलंत तर 2017 पासून दुसरं बारीक चौकटीचं मॉडेल मिसळतं आणि तिथे सांधा पडतो, म्हणजे आकडे अचानक बदलल्यासारखे दिसतात. तो सांधा म्हणजे हवामानबदल नव्हे!

पावसाचं मात्र नाव काढू नका. उंचीची ती दुरुस्ती पावसाला लागू नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, पाचगणीला त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि ‘ईआरए5’मध्ये ही दोन्ही गावं एकाच चौकटीत येतात. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला उतरताना पाऊस कसा झपाट्याने आटतो, हे एवढ्या जाड चाळणीतून दिसायचं कसं? बारीक चौकटीचं ‘ईआरए5-लँड’ आहे, पण त्यातला पाऊसही मुळात ‘ईआरए5’चाच, त्यामुळे घाटात त्याने फारसं काही साधत नाही.

म्हणून पावसाचा कॉलम मी कृषी विभागाच्या मंडळनिहाय नोंदींवरून भरते. जोडताना एक लक्षात ठेवा: पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, म्हणजे 10 जुलैच्या नावावरचा बराचसा पाऊस 9 तारखेला पडलेला असतो. एक दिवस मागे सरकवूनच जॉइन करा. ‘ईआरए5’ पाच दिवस मागे असतो आणि ताजे आकडे पुढे बदलूही शकतात, त्यामुळे आमचा रात्री आपोआप चालणारा जॉब मागचे तीन महिने दरवेळी नव्याने ओढतो.